सही करण्याआधी खाली उतरून बोला

ताई, नमस्कार.

मी दादर पश्चिमेला, स्टेशनकडे जाणाऱ्या एका गल्लीत राहते. जुनी इमारत, दुसरा मजला, वन रूम किचन, खिडकी थेट रस्त्यावर. एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. निम्मा महिना नाइट असते, रात्री आठ ते सकाळी आठ. घरी येऊन स्वयंपाक, धुणं उरकून पाठ टेकेपर्यंत एक वाजतो. सहाला उठायचं आणि सातला निघायचं.

दिवाळीपासून आमच्या कोपऱ्यावर चार अंध कलाकारांचा ऑर्केस्ट्रा बसतो. कॅसिओ, ढोलकी, दोन माइक आणि चाकांचा मोठा स्पीकर. दुपारी चारला सुरू होतात ते नऊ-साडेनऊपर्यंत. गातात चांगलं, खोटं बोलणार नाही. पण चारला पहिलं गाणं लागलं की माझी झोप मोडते ती मोडतेच. मागच्या महिन्यात ड्युटीवर औषधाचं लेबल दोनदा वाचलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. तेव्हापासून मला भीती वाटते. मुलगा दहावीला आहे, त्याचा अभ्यास वेगळाच.

सोसायटीत दोन तट पडलेत. सेक्रेटरींनी पोलीस स्टेशनला द्यायचा अर्ज तयार केलाय, ‘गल्लीतील भिकारी व त्यांचा उपद्रव कायमचा हटवावा’ असा. सगळ्यांच्या सह्या लागतील म्हणतात, आणि रात्रपाळीची नर्स म्हणून पहिली सही माझी. याच सेक्रेटरींच्या पुतण्याच्या हळदीला मे महिन्यात आमच्या चौकात रात्री बारापर्यंत डीजे होता. मी कानात कापूस घालून बसले होते. तेव्हा कोणी अर्ज केला नाही.

दुसरीकडे समोरच्या काकू. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहतात. माझा मुलगा त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढला. त्या रोज संध्याकाळी खाली जाऊन डब्यात पैसे टाकतात, एखाद्या गाण्याची फर्माईश करतात. परवा जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘आंधळ्यांच्या पोटावर पाय देणाऱ्यांत आपलं नाव नको.’ तेव्हापासून आमचं धड बोलणं नाही. गेल्या आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या एकाने खाली जाऊन स्पीकरची वायर उपटली, त्यांना नको ते बोलला. मला लाज वाटली. पण त्या दुपारी मला गाढ झोप लागली, हेही खरं.

रविवारी मीटिंग आहे. सही करू का?

– झोपेला आसुसलेली, दादर

प्रिय सिस्टर,

त्या अर्जावर सही करू नका. झोपेवरचा हक्क मात्र अजिबात सोडू नका. दोन्ही एकाच वेळी कसं जमेल ते सांगते, पण आधी तुमच्या मनातली गाठ सोडवू या. वायर उपटली त्या दुपारी तुम्ही झोपलात याची तुम्हाला लाज वाटते. ती वाटून घेऊ नका. बारा तास उभं राहून आलेल्या बाईला शांतता मिळाली आणि तिचा डोळा लागला, यात गुन्हा कसला? वायर उपटणाऱ्याने जे केलं त्याचा हिशोब त्याच्याकडे.

रात्रपाळीवाल्यांच्या झोपेला आपल्याकडे कोणी झोप मानतच नाही. दुपारी त्यांच्या दाराची बेल वाजवताना कोणाचा हात अडखळत नाही, आणि दार उघडणारी बाईच ‘जरा पडले होते’ असं अपराधी आवाजात सांगते. खरं तर शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं, त्यामुळे दिवसाची झोप मुळातच उथळ लागते. रात्री ज्या आवाजाला माणूस कूस बदलून पुन्हा झोपेल, त्याच आवाजाने दुपारी टक्क जाग येते. तुम्ही लेबल दुसऱ्यांदा वाचलंत ही तुमची शिस्त. पण ज्या रात्री ते दुसऱ्यांदा वाचलं जाणार नाही, त्या रात्री खाटेवर कोणाची तरी आई असेल. म्हणून चार ते सहा ही दोन तासांची झोप मागताना आवाज खाली घालू नका. ती चैन नाही.

आता कायद्याचं. तो तुमच्या बाजूने आहे आणि ते तुम्हाला ठाऊक असायला हवं, म्हणजे मग तो कसा वापरायचा ते तुम्ही ठरवाल, सेक्रेटरी ठरवणार नाहीत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात सकाळी सहा ते रात्री दहा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. व्यापारी भागात ती ६५ आणि ५५. लाउडस्पीकर लावायचा तर दिवसाही लेखी परवानगी लागते, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्यावर जाता कामा नये. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरच काय, वाद्यही वाजवता येत नाही. सणासुदीला सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढीच. तुमच्या कोपऱ्यावरच्या स्पीकरला परवानगी असण्याची शक्यता कमीच. म्हणजे उद्या तुम्ही एक साधा अर्ज दिलात तरी पोलीस तो स्पीकर बंद करू शकतात.

मग सेक्रेटरींच्या अर्जावर सही का नको? त्यातल्या एका शब्दामुळे. त्यांनी ‘भिकारी’ लिहिलंय. त्यांना वाटत असेल की ही नुसती शिवी आहे, पण पोलीस स्टेशनच्या टेबलावर गेल्यावर ते कलम होतं. आपल्या राज्यात भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९चा कायदा आजही लागू आहे. सार्वजनिक जागी गाणं म्हणून, नाच करून, भविष्य सांगून पैसे घेणं हेही त्या कायद्याच्या व्याख्येत भीक मागणंच आहे. त्याखाली वॉरंटशिवाय अटक करता येते. गुन्हा सिद्ध झाला तर पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. आणि जो अंध आहे, अपंग आहे, त्याला ती मुदत संपल्यावरही अनिश्चित काळ ठेवून घेण्याचा अधिकार या कायद्याने सरकारला दिलाय. डोळे नाहीत म्हणून जास्त शिक्षा! दिल्लीत हाच कायदा लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली ही कलमं घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात ती तशीच आहेत. प्रत्येक अर्जावर पोलीस एवढं टोक गाठतीलच असं नाही. पण तुम्हाला हवी आहे दोन तासांची झोप, आणि सही मागितली जातेय ती चार माणसांना उचलून नेता येईल अशा कागदावर. तुमचं मागणं आणि तो कागद यांचा काही मेळच नाही.

वायर उपटणाऱ्या गृहस्थांनाही कोणीतरी शांतपणे सांगायला हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, कलम ९२: चारचौघांत दिव्यांग माणसाला अपमानित करण्याच्या हेतूने मुद्दाम बोलणं किंवा धमकावणं यासाठी सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. उद्या त्या चौघांपैकी कोणी तक्रार केली तर सोसायटीच्या सह्यांचा कागद बाजूला राहील आणि हेच प्रकरण उभं राहील. हे त्यांना तुम्ही सांगू नका. कमिटीतल्या एखाद्या जुन्या माणसाला सांगायला लावा.

‘सगळ्यांच्या सह्या लागतात’ हे तर खरंच नाही. आवाजाची तक्रार एकटा माणूस करू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्यातल्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल दिला. तो प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांबद्दलचा होता, पण तक्रारदाराची ओळख पटवण्याचा आग्रह न धरता पोलिसांनी कारवाई करावी आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराचं नाव कळू देऊ नये, असं न्यायालयाने त्यात स्पष्ट सांगितलंय. सह्यांच्या मोहिमेने पोलिसांचं काम सोपं होत नाही. ती झाली की सोसायटीत कोण कोणत्या बाजूला हे मात्र कायमचं लिहून ठेवलं जातं.

हळदीच्या डीजेबद्दल तुम्ही पत्रात दोन-तीन वाक्यांत लिहिलंय, मला मात्र त्यावर थांबावंसं वाटतं. या शहरात आवाजाविरुद्धची लढाई फार जुनी आहे आणि ती मोठ्या माणसांनी, मोठ्या ताकदींशी लढली आहे. डॉ. यशवंत ओक यांनी १९८०च्या दशकात लाउडस्पीकरविरुद्ध कोर्टाची पायरी चढली, तेव्हा लोकांना हा विषय कोर्टात नेण्यासारखा वाटतही नव्हता. ‘आवाज फाउंडेशन’च्या सुमैरा अब्दुलाली वर्षानुवर्षं सणांच्या रात्री रस्त्यावर उभं राहून डेसिबल मोजत आल्या आहेत, आणि ज्यांच्या मंडपाजवळ मोजायचं ते काही साधेसुधे लोक नव्हते. तुमच्या घराजवळचं शिवाजी पार्क २०१० मध्ये शांतता क्षेत्र ठरलं ते कोर्टात गेलेल्या रहिवाशांमुळे, आणि समोर होत्या राजकीय पक्षांच्या सभा. त्या लोकांचा नियम सरळ होता: आवाज ज्याचा असेल त्याला सांगायचं, मग तो कोणी का असेना. तुमच्या सोसायटीत मे महिन्यात बारापर्यंत सगळे गप्प राहिले, कारण सेक्रेटरींशी वाकडं कोण घेणार. आता अर्ज निघाला, कारण समोर जे आहेत ते उलट काही करू शकत नाहीत. मला याचा राग येतो. तुम्हालाही आला असणार, नाहीतर तुम्ही हळदीचं लिहिलंच नसतं.

म्हणून रविवारच्या मीटिंगमध्ये एवढंच म्हणा: ‘मला त्रास होतो, माझं म्हणणं मी स्वतः मांडीन, या अर्जावर सही करणार नाही. आवाजाचा नियम करायचा असेल तर आपल्या चौकातल्या कार्यक्रमांपासून करू. हळद असो, पूजा असो, थर्टी फर्स्ट असो, दहाला स्पीकर बंद.’ वाद घालू नका, जास्त खुलासे देऊ नका. तिथे नाइट करून आलेल्या बाईच्या तोंडचं हे वाक्य पुरेसं जड आहे.

आणि हे सगळं मीटिंगच्या आधी एक काम करून मगच. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात अर्ज लिहिणारे आहेत, वायर उपटणारे आहेत, जिन्यात टोमणा मारणाऱ्या काकू आहेत, गप्प बसलेल्या तुम्ही आहात. दिवाळीपासून आजपर्यंत त्या चौघांना कोणी ‘दुपारी चारला वर एक नर्स झोपलेली असते’ एवढं सांगितल्याचं मात्र कुठे दिसत नाही. त्यांना कळणार कसं? तुमच्या खिडकीचा ओढलेला पडदा त्यांना दिसत नाही. खालून जाणाऱ्याच्या कपाळावरची आठी दिसत नाही. त्यांना कळतं ते फक्त थांबलेल्या पावलांवरून, डब्यात पडलेल्या नाण्यावरून, आणि आता स्कॅनरवर कोणी पैसे टाकले की बोलणाऱ्या त्या छोट्या डबीवरून. जो नाराज आहे तो आवाज न करता निघून जातो, त्यामुळे त्यांच्या लेखी सगळी गल्ली खूशच आहे. एक दिवस अचानक वायर उपटली गेली आणि शिव्या आल्या. त्यांच्या बाजूने हा प्रसंग किती भीतीदायक असेल याचा विचार करून बघा.

ते दादरलाच का बसतात, यालाही कारण असणार. पश्चिम आणि मध्य, दोन्ही लाइन इथे भेटतात. कल्याणहून आलेला आणि विरारहून आलेला, दोघेही दिव्यांगांच्या डब्यातून उतरून एकाच कोपऱ्यावर येऊ शकतात. अंध माणूस जागा पाठ करतो: पुलाच्या पायऱ्या, फुटपाथची कड, गटाराचं हलणारं झाकण, पानवाल्याचा रेडिओ. आपण सहज म्हणतो, ‘जरा पुढे बसा की.’ त्या ‘जरा पुढे’साठी त्यांना सगळा रस्ता नव्याने शिकावा लागतो. तसंही दादर आणि अंध माणसं यांचं नातं आजचं नाही. अंध मुलींची दादरची शाळा १९०० साली निघाली, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ मध्ये. तुमच्या कोपऱ्यावरचे चौघे कुठे शिकले ते मला ठाऊक नाही, पण या शहरात त्यांच्या आधीच्या कित्येक पिढ्यांनी काठी टेकत हेच रस्ते पाठ केलेत.

मग स्पीकर कशाला, असं तुमच्या सोसायटीत कोणी म्हणेल. वासुदेव टाळ-चिपळ्यांवर भागवायचा, पोतराजाला माइक लागला नाही, गिरणगावात अमर शेखांसारख्या शाहिरांनी नुसत्या गळ्यावर सभा हलवल्या. खरं आहे. पण तेव्हाच्या रस्त्याला हॉर्न एवढा नव्हता. २०२०च्या सुमारास मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी सिग्नलला डेसिबल मीटर जोडून पाहिले होते: हॉर्नचा आवाज ८५च्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून. त्या जागांत तुमच्या जवळचं हिंदमाताही होतं. पोलिसांवर अशी वेळ यावी असा हा रस्ता, आणि त्यावर उघड्या गळ्याने पाच तास गायचं म्हटलं तर गळा आठवडाभर टिकणार नाही. गोंगाटात माणूस आपोआप आवाज चढवतो. स्पीकरचं बटणही तसंच चढत गेलं असणार, रोज थोडं थोडं, कोणाच्या लक्षात न येता.

आता काकू. त्यांचं वाक्य तुम्हाला लागलं, कारण ते सगळ्यांसमोर आलं आणि तुमची बाजू न ऐकता आलं. त्यांची ती चूकच. पण एकदा त्यांच्या बाजूनेही बघा. एकट्या बाईची दादरमधली संध्याकाळ लांबलचक असते. टीव्ही बोलतो, पण तो तुमचं नाव घेत नाही. खाली गेल्यावर चार माणसं तिला आवाजावरून ओळखतात, तिने सांगितलेलं गाणं लगेच लावतात. ‘हटवा’ हा शब्द त्यांनी जिन्यात ऐकला तेव्हा त्यांना आपल्या दिवसातला तेवढाच एक तास जाताना दिसला असेल. आणि ज्या घरातलं पोर आपण वाढवलं त्याच घराची सही पहिली, हे ऐकून तर त्या तुटल्याच असतील. टोमणा त्यातून आला.

त्यांच्याकडे आज-उद्याच जा, ऑफ असेल त्या दिवशी. मुलाला बरोबर नेऊ नका, नाहीतर सगळं बोलणं त्याच्यावरच होईल. गाण्याचा विषय काढूच नका, ड्युटीचा काढा. लेबलचं जे मला लिहिलंत ते त्यांना तसंच्या तसं सांगा. मला खात्री आहे की हे त्यांना माहीत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे तुम्ही म्हणजे गाण्याला कंटाळलेली शेजारीण आहात. आणि मग म्हणा, ‘काकू, मी सही करणार नाही. पण मला तुमची मदत हवी. माझ्याबरोबर खाली चला. ते तुमचा आवाज ओळखतात, माझा नाही.’ तुमच्या गल्लीत हे काम करू शकेल असं दुसरं माणूस नाही.

खाली जाताना दोघीच जा. घोळका नको; पावलं जास्त ऐकू आली की वायरच्या प्रसंगाची धास्ती त्यांना पुन्हा वाटेल. दोन गाण्यांच्या मध्ये बोला. आधी काकूंना बोलू द्या, मग तुम्ही नाव सांगा, कुठल्या मजल्यावर राहता ते सांगा. वाद्याला, काठीला, डब्याला हात लावू नका. मोठ्याने बोलायची गरज नाही, त्यांना ऐकू उत्तम येतं. वायरच्या प्रकाराबद्दल ‘वाईट झालं’ एवढं म्हणा, ते करणाऱ्याचं नाव घेऊ नका. आणि थेट सांगा: ‘मी नर्स आहे, रात्री ड्युटी असते, चार ते सहा माझी झोप असते.’

मागायचं काय, तेही नेमकं ठरवून जा. ‘आवाज कमी करा’ एवढंच म्हटलंत तर ते त्या दिवशी कमी करतील आणि चौथ्या दिवशी पुन्हा चढेल. तुमच्या नाइटच्या आठवड्यांत सहाला सुरू करा, एवढंच मागा. ऑफिस सुटलेली खरी गर्दी दादरला सहानंतर येते, त्यामुळे त्यांचं नुकसान त्या दोन तासांत सगळ्यांत कमी असावं. पण हे तुम्ही ठरवू नका, त्यांनाच विचारा. सहा ते साडेनऊ त्यांचं हक्काचं, कोणी काही बोलणार नाही, हे तुमच्याकडून कबूल करा. चारलाच बसणं भाग असेल तर तेवढा वेळ स्पीकरशिवाय, नुसती ढोलकी आणि गळा, असं जमेल का विचारा. ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ हे काही जगावेगळं मागणं नाही. नॅशनल स्ट्रीट्स फॉर परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेने मुंबईतल्या बागांत आणि रेल्वे स्टेशनांवर कलाकारांसाठी असंच करून दाखवलंय.

स्पीकरबद्दलही थोडं बोला, कारण बऱ्याचदा भांडणाचं मूळ बटणाच्या एका वळशात असतं. तो आत्ता भिंतीला टेकून जमिनीवर असेल तर ढोलकीचा ठोका भिंतीमुळे आणखी घुमतो आणि वर चढतो. भिंतीपासून हातभर पुढे घ्यायचा, स्टुलावर ठेवायचा, तोंड इमारतीकडून फिरवून रस्त्याकडे. जाणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर आवाज आला की कमी व्हॉल्यूममध्येही त्याला तेवढंच ऐकू येतं. बेसचं बटण खाली आणा. तोंड फिरवल्याने गाण्याचे शब्द आणि कॅसिओ बराच कमी होतो, पण जाड आवाज वळसा घालून येतोच. झोपेतून उठवतो तो मुख्यतः तोच. स्टूल काकूंच्या घरात नक्की असेल.

आणि त्याआधी एक दिवस मोजून बघा. मोबाईलवर डेसिबल मोजायची अ‍ॅप मिळतात. आकडा अगदी अचूक नसतो, पण फरक कळतो. दुपारी पावणेचारला, ते सुरू होण्याआधी, उशीजवळ फोन ठेवून खिडकी उघडी ठेवून मोजा. मग सव्वाचारला पुन्हा. दहाचा फरक पडला तर कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो, म्हणजे त्रास गाण्याचाच. फरक दोन-तीनचाच निघाला तर तुम्हाला उठवणारं दुसरं काहीतरी आहे, बस, हॉर्न, समोरचं दुकान, आणि मग चौघांना हलवूनही तुमची झोप परत येणार नाही. कागदावर तारीख-वेळेसकट लिहून ठेवा.

मुलाचं मी मुद्दाम वेगळं ठेवलं. दहावी हा मोठा शब्द आहे आणि आपल्याकडे तो काढला की समोरच्याची सगळी दारं बंद होतात. बोलणीत तो वापरू नका. तुमचं झोपेचं कारण त्याहून भक्कम आहे. काकूंच्या घराची आतली खोली मागच्या बाजूला असेल तर परीक्षा होईपर्यंत सात ते नऊ तो तिथे बसू दे. काकू नाही म्हणणार नाहीत, आणि तुम्ही ड्युटीवर असताना तो एकटा नाही याचा तुम्हालाही आधार.

ठरलं तर ते टिकवायचं कसं? चिठ्ठी लिहून देऊन उपयोग नाही. त्यांच्यापैकी एकाचा नंबर घ्या. अंध मंडळी मोबाईल अगदी सफाईने वापरतात, फोन त्यांना वाचून दाखवतो. ड्युटी लिस्ट लागली की व्हॉइस मेसेज टाका: ‘सोमवारपासून नाइट आहे.’ एखाद्या दिवशी विसरून चारला वाजलंच तर खिडकीतून ओरडू नका, फोन करा.

आणि जमलंच नाही तर? त्यांनी ऐकून घेतलं नाही, किंवा दोन आठवडे पाळून पुन्हा चारला मोठ्याने सुरू केलं, तर तुम्ही तक्रार करावी असंच माझं मत आहे. तेव्हा काकूंचं वाक्य आठवून थांबू नका. तुम्ही आधी बोललात, रस्ता दिलात. मग अर्ज स्वतःचा करा, पाच ओळींचा. ‘अमुक गल्लीच्या कोपऱ्यावर दुपारी चार ते रात्री साडेनऊ लाउडस्पीकर वापरला जातो. मी रात्रपाळीची परिचारिका असून मला दिवसा झोप आवश्यक आहे. आवाज नियमांच्या मर्यादेत ठेवण्याबाबत संबंधितांना समज द्यावी.’ भिकारी, उपद्रव, हटवा, यातलं काही लिहू नका. ‘समज द्यावी’ याच्यापुढे जाऊ नका. मोजलेले आकडे सोबत जोडा. स्थानिक पोलीस स्टेशनला द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका. रात्री दहानंतर कधी वाजलं, मग ते कोपऱ्यावर असो की तुमच्याच चौकात, तर अर्जाची वाट न बघता ११२ला फोन करा.